डब्यातला आत्मा

सकाळचा उजेड खिडकीच्या जाळीतून आधी टेबलावर उतरला, तेथून सावकाश फरशीवर आला, खाटेच्या पायाशी उगाच रेंगाळला आणि शेवटी, जणू संकोचाने, आईच्या पायाच्या काळवंडलेल्या अंगठ्यावर येऊन थांबला. वीस दिवस तिने इन्शुलिन टोचून घेतले नव्हते.

"तुझ्या बाबांनीच सांगितलंय," ती म्हणाली.

बाबा जाऊन दोन वर्षे झाली होती. सांगितले होते ते महाराजांच्या डब्याने. मी तिला आधार देत कोपऱ्यावरच्या सभागृहात नेले, तेव्हा तेथे पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज प्रत्येकाला अगम्य अंक-अक्षरांची चिठ्ठी देत, शिष्य ती डब्याच्या बटणांवर दाबी, आणि छोट्या पडद्यावर मेलेले माणूस रोमन लिपीत मराठी बोलू लागे.

"इथं विज्ञानानं हात टेकलेत, बरं का!" महाराज गरजले. तेवढ्यात शिष्याचे बोट चुकले आणि पडद्यावर नुसता कचरा उमटला. महाराजांनी डोळे मिटले. "आत्मा रुसला. कुणाच्या तरी मनात शंका आहे."

माझ्या मनात होती. चारचौघांत मी कधी बोलत नाही. तरी उभा राहिलो.

"आत्मा नाही, मोठ्याऐवजी लहान इंग्रजी अक्षर दाबलं गेलं. चिन्हं सोळाच: शून्य ते नऊ, ए ते एफ. दोन चिन्हांच्या जोडीचा आतली चिप एक बाइट करते, म्हणजे एक आकडा. त्या आकड्याचं अक्षर ठरलेलं. ए ते एफची किंमत काढायला मोठ्या अक्षराच्या क्रमांकातून पंचावन्न वजा करायचे, लहानाच्या क्रमांकातून सत्त्याऐंशी. ही दुसरी वजाबाकी आत लिहिलेलीच नाही. बोलणं सगळं चिठ्ठीतच असतं!"

"तुला रे कसं ठाऊक?" शेजारच्या गवंडीकाकांनी दरडावले.

"डबा यानंच बनवलाय," महाराज गोड हसले.

"शाळेच्या प्रयोगासाठी म्हणाला होतात तुम्ही!"

मी पुढे होऊन माझ्या मनाने जोड्या दाबल्या. पडद्यावर आले: मी ढोंगी आहे.

महाराजांनी हात जोडले. "आत्म्याची केवढी ही नम्रता!" गर्दीचे डोळे भरून आले.

मग मी म्हणालो, "गवंडीकाका, काकूंना बोलावू?" आणि बटणे दाबली: अहो, मी वर सुखात आहे.

"अहो, मी इथं दारात उभी आहे!" मागून काकू ओरडल्या. "आणि सुखात कुठली, तुमच्या घरात?"

हशा उसळला आणि मध्येच तुटला. प्रत्येकजण आपापल्या चिठ्ठीकडे पाहू लागला. एका बाईने गेलेल्या मुलाची चिठ्ठी घडी करून मुठीत दाबली आणि माझ्याकडे असे पाहिले, की मुलाला जणू मीच मारले होते.

मेलेले बोलत नाहीत. त्यांच्या नावाने कोणी बोलू लागला, तर चिठ्ठी कोणी लिहिली एवढे तरी विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध सोडू नका.

आईसाठी मात्र उशीर झाला होता. पाय घोट्यावरून कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर तिने विचारले, "महाराजांना डबा कशाला हवा होता, तुला खरंच ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं, आई."

ठाऊक होते. चाचणीसाठी महाराजांनी दिलेली पहिलीच ओळ मी माझ्या हाताने डब्यावर दाबली होती: पोरी, मी तुझा बाप, वरून बोलतोय.