बाथरूमचा ढाळ

धाकटीनं बादली उपडी केली आणि तिघंही दारात उभी राहून पाण्याकडे बघू लागली. नव्या फरशीवर पाणी पसरलं, जरा घुटमळलं आणि जाळीकडे जायचं सोडून नळाखाली ऐसपैस बसलं.

"जाईल हळूहळू," आई म्हणाली.

"नाही जाणार." धाकटी कोरड्या जाळीकडे बघत म्हणाली.

बाबांनी पँट वर दुमडली, आत जाऊन पायानं पाणी जाळीकडे ढकललं. थोडं गेलं, उरलेलं पुन्हा नळाखाली आलं.

"एक वायपर आणून ठेवू," ते म्हणाले. "आंघोळ झाली की ओढून घ्यायचं. त्यात काय एवढं?"

त्यात बरंच काही होतं. बाबा कॉलेजात शिपाई होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी वर्ग उघडले, फळे पुसले, बाकं सरळ केली. आपली एक तरी पोर त्या बाकावर बसावी, एवढीच त्यांची हौस. थोरलीनं बारावी होताच लग्न केलं. धाकटी बारावी झाली आणि समोरच्या इमारतीत फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली जाऊन उभी राहिली. पुस्तकांशी तिचं वाकडं नव्हतं. फरशीची एक ओळ नीट बसली की तिला जो आनंद व्हायचा तो दुसऱ्या कशानंच होत नसे, इतकंच. वर्षभर बाबांनी हे खूळ चालवून घेतलं. पण आता त्यांची निवृत्ती आली होती आणि ते नोकरीत असेपर्यंतच तिला फी माफ होती. म्हणून त्यांनी सौदा केला. घरची बाथरूम एकटीनं करून दाखवायची. जमली तर ते कॉलेजचं नाव काढणार नाहीत. नाही जमली तर प्रवेश बंद व्हायच्या आत तिनं मुकाट्यानं नाव घालायचं.

संध्याकाळी मिस्त्री आले. गुडघ्यांना शिव्या देत खाली बसले, फरशीवर लेव्हल ठेवली आणि तिच्यातल्या बुडबुड्याकडे बघत राहिले. बुडबुडा अगदी मधोमध होता. मिस्त्रींना हसू आलं.

"काय सुरेख सपाट केलीस गं. इथे काय पाहुणे बसवायचेत?"

"जुनी फरशी जाळीकडे खचलेली होती," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, आधीच्या मिस्त्रीनं उरकून टाकलंय. मी खाली माल भरून सरळ करून घेतली."

"खचलेली नव्हती, पोरी. ढाळ होता तो. पाणी वाहून जावं म्हणून दिलेला."

वर्षभर तिनं हॉल आणि खोल्याच केल्या होत्या. बाथरूम मिस्त्री स्वतः करत आणि ती बाहेर बसून माल कालवत असे. बुडबुडा मधोमध आणायचं तिला इतकं वेड लागलं होतं की पाण्यालाही कुठेतरी जायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"मग? काय करणार?" मिस्त्रींनी विचारलं.

"उखडणार."

"अहो, राहू द्या," बाबा मध्ये पडले. "दिसायला किती छान झालीये."

हा 'छान' तिच्या ओळखीचा होता. लहानपणी तिनं काढलेल्या हत्तीची म्हैस व्हायची, तेव्हाही बाबा ह्याच आवाजात छान म्हणत. तिला ते फार लागलं.

"बाबा, आपलं ठरलं होतं. मी हरले," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल त्या दिवशी नाव घालायला येते. पण ही फरशी अशी सोडून नाही येणार."

मिस्त्रींनी आपली छिन्नी काढून तिच्या हातात दिली आणि ते चहा न घेताच निघाले. दारात बाबांनी त्यांना गाठलं.

"खरं सांगा, हिला जमेल का हे काम?"

"आत्ता कुठं सुरुवात आहे," मिस्त्री म्हणाले. "पण मी उखड म्हणायच्या आधी तीच म्हणाली. मला माझ्या वस्तादानं दोन कानफटात दिल्यावर सुचलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून घरात ठोकाठोक सुरू झाली. धुळीनं आईचा जीव मेटाकुटीला आला. ज्या फरश्या धाकटीनं आठवडाभर जपून बसवल्या होत्या, त्याच ती फोडत होती. पहिली फुटली तेव्हा तिला रडू आलं. नंतर तिनं रडायचं सोडून दिलं, कारण डोळ्यांत धूळ जात होती. बाबा कामावर निघताना दारात थांबायचे. तिनं चारी भिंतींपासून जाळीकडे दोऱ्या ताणल्या होत्या, जाळीपाशी बोटभर खाली.

"ह्या कशाला?" त्यांनी एकदा विचारलं.

"पाण्याच्या वाटा आहेत."

त्यांनी मान हलवली. कॉलेजात कुणी काही समजावलं की हलवायचे तशीच, पण ह्या वेळी बराच वेळ.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी ती सकाळीच धुतलेले कपडे घालून तयार झाली. नखांतलं सिमेंट काही निघालं नव्हतं.

"चला," ती म्हणाली.

"किती राहिलंय?"

"दारापाशी दोन ओळी."

"मग त्या कर आधी." बाबांनी डबा उचलला आणि ते एकटेच निघून गेले.

दिवसभर ती त्या दोन ओळी बसवत होती आणि दाराकडे कान लावून होती. बोलावणं आलं नाही. बाबा संध्याकाळी नेहमीच्या वेळेला परतले, खुर्चीत बसले.

"प्रवेशाची खिडकी बंद झाली?" तिनं विचारलं.

"झाली. मीच केली. दर वर्षी मीच करतो."

बाबांना वाईट वाटत होतं. ते त्यांनी लपवलं नाही, आणि तिनंही वाईट वाटून घेऊ नका असं म्हटलं नाही. आईनं पाणी आणून दिलं, ते बाबा सावकाश प्यायले. मग सवयीनं हातपाय धुवायला उठले आणि बाथरूमच्या दाराशी येऊन थांबले.

"पाय ठेवू का?"

"नका ठेवू. परवापर्यंत नाही."

"पाणी जाईल ना?"

"जाईल."

"बरं," बाबा म्हणाले आणि हात धुवायला स्वयंपाकघरात गेले.