दोन आठवड्यांची साल

मी एक जुना बटाटा आहे. मित्रांनो, हसू नका. माझ्या अंगावर सुरकुत्या पडल्या आहेत, डोळ्यांतून पांढरे कोंब बाहेर आले आहेत आणि एका कुशीवर खरबरीत, तपकिरी डाग आहे. तिथे मला जखम झाली होती. ती भरली, म्हणूनच मी तुमच्याशी बोलू शकतो आहे.

मातीत होतो तेव्हा माझी साल इतकी नाजूक होती की नुसते बोट घासले तरी सुटून यावी. वरचा पाला वाळला, तशी ती जून होऊ लागली. सालीच्या तळाशी एक थर असतो. तो सतत नव्या पेशी तयार करतो आणि जुन्यांना बाहेर ढकलतो. बाहेर गेलेली पेशी आपल्या भिंतींत मेणासारखा पदार्थ भरून घेते आणि मग मरून जाते. अशा मेलेल्या पेशी विटांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. म्हणून आतले पाणी आत राहते आणि बाहेरची बुरशी बाहेर. तुम्ही सोलून केरात टाकता ती साल अशी तयार होते.

काढणीच्या दिवशी कुदळीचे पाते माझ्या कुशीत घुसले. ती सगळी भिंत एका घावात फुटली. पाणी पाझरू लागले. तसाच मी पोत्यात पडलो आणि गोदामात आलो.

गोदामाची राखण आबांकडे होती. तीस वर्षे ते तिथे होते. त्यांची सून तिथेच माल निवडायच्या कामाला होती. थंड खोलीच्या अलीकडे एक पत्र्याची शेड होती. नवा माल आला की आबा तो आधी दोन आठवडे तिथे ठेवत. अंधार, बेताची ऊब आणि ओलसर हवा. जमिनीवर ते पाणी शिंपडत, पण आमच्या अंगावर थेंब पडू देत नसत.

त्या उबेत माझ्या जखमेजवळच्या पेशी कामाला लागल्या. त्यांनी घाईघाईने भिंतींत मेण भरले. चौथ्या दिवशी पाझर थांबला. पण तो नुसता लेप होता. त्याच्याखाली खरी साल अजून धरायची होती.

सहाव्या दिवशी नवे मॅनेजर आले.

"आबा, शेड रिकामी करा. परवा आणखी माल येतोय. हा सगळा थंडीत टाका."

"साहेब, अजून आठ दिवस द्या. यांच्या जखमा भरल्या नाहीत. थंडीत गेले की भरायचंच थांबतं."

"बटाटे आहेत हो ते, पेशंट नाहीत!"

निवडणाऱ्या बायका हसल्या. आबाही कसनुसे हसले.

"बरं, मग पोत्यांतला एक क्रेटभर माल तेवढा इथे राहू द्या. दोन आठवडे पुरे करतो. पुढे दोन्ही माल शेजारी ठेवून बघा."

"ठेवा बाबा. तुमचं समाधान होऊ दे."

मी त्या क्रेटमध्ये राहिलो. माझ्याच रोपाला लागलेले सात भाऊ आत गेले. जाड दरवाजा बंद झाल्याचा आवाज मी ऐकला.

दोन महिन्यांनी त्या दरवाज्याखालून काळपट पाणी आले. वासाने शेडमध्ये उभे राहवेना. आत पोत्यांची बुडे गळून पडली होती, आणि पोत्यांत जे होते त्याला बटाटा म्हणवत नव्हते. मालक नाकावर रुमाल धरून आले. मॅनेजर त्यांना म्हणाले, "आबांनी ओला माल आत भरला."

"मालक, मी साहेबांना..." आबांनी सुरुवात केली.

"असू दे, आबा," मालक म्हणाले. "वय झालं तुमचं. आता घरी बसा."

आबांनी किल्ल्यांचा जुडगा आमच्या क्रेटवर ठेवला आणि ते निघाले. छत्री न्यायचेही त्यांना सुचले नाही. ती खुंटीवर तशीच राहिली.

ती घाण उपसायचे काम सुनेच्याच वाट्याला आले. तीन दिवस ती तोंडाला फडके बांधून घमेली वाहत होती. चौथ्या दिवशी तिने आमचा क्रेट फरफटत मॅनेजरपुढे आणला.

"साहेब, हे आबांचे."

तिने एक बटाटा जखमेवरून कापला. वर बुचासारखा पातळ थर होता, खाली पांढराशुभ्र गर. मॅनेजरांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"पुढच्या वर्षी दोन आठवडे ठेवू," ते म्हणाले.

"आणि आबा?"

"ते झालं आता. मालकांना पुन्हा काय सांगायचं? जा, कामाला लाग."

त्या संध्याकाळी तिने मला पिशवीत घालून घरी नेले. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. दोन दिवस त्यांच्या पोटात काही नव्हते. तिने मला त्यांच्या हातात दिले.

"साहेबांना दाखवलंस?"

"दाखवलं."

"काय म्हणाले?"

ती पिशवीची घडी घालत राहिली. मान वर न करता म्हणाली, "म्हणाले, आबांचंच खरं होतं. चूक माझी."

"असं म्हणाले?"

"हो. सगळ्यांसमोर."

आबा उठून बसले. "वाढ मग थोडं," ते म्हणाले.

मित्रांनो, मी तिथे होतो. साहेब तसे काही म्हणाले नव्हते. पण त्या दिवसापासून आबा रोज सकाळी दाढी करतात, धुतलेला सदरा घालतात आणि दाराशी खुर्ची टाकून बसतात. साहेबांना चूक कळली आहे, तेव्हा बोलावणे येईलच, असे त्यांना वाटते. दारावरून कोणी सायकल नेली तरी ते अर्धे उठतात. सून चुलीपाशी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहते. खरे काय ते आता तिला सांगता येत नाही.

मी खिडकीत आहे. कोंब माझ्यातले पाणी पीत आहेत. मी फार दिवस पुरणार नाही. जाण्याआधी एवढीच विनंती. ज्याला काम कळते त्याने दिवस मागितले, तर ते त्याला द्या. आणि तो बरोबर ठरला, तर ते त्याच्या घरी जाऊन, त्याच्या तोंडावर सांगा. दुसऱ्या कोणाला ते खोटे सांगावे लागू नये.

बाहेर उजाडले आहे. आबांनी दाढीला गरम पाणी मागितले आहे.