उजवीकडचं वळण

माझ्या नवऱ्याला मोटारसायकल उजवीकडे वळवता येत नाही, हे मला लग्नाला दोन वर्षं होऊन गेल्यावर कळलं, आणि तेही स्वयंपाकघरात बसून. त्याआधी त्यांच्या मागे बसून मी कितीदा तरी दांडीहून, म्हणजे आमच्या गावाहून, बोईसरला गेले-आले होते. पण मागे बसलेल्या बाईला नवऱ्याची पाठ दिसते, रस्ता दिसत नाही. त्यातून मी नवी नवरी, घिवलीच्या माहेराहून आलेली. मला त्या पाठीचंच केवढं कौतुक.

कौतुक मला एकटीलाच नव्हतं. ही गोष्ट एकोणऐंशी-ऐंशीची. आमच्या आळीत तेव्हा सगळे होडीवाले. एकनाथ, म्हणजे माझे यजमान, बोईसरच्या एका रंगाच्या कंपनीत लागले, ते आळीतले पहिले. त्यांनी जुनी फटफटी घरी आणली तेव्हा सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि घरोघर खोबरं वाटलं. सासूबाईंना सगळे आय म्हणतात, मीही आयच म्हणते. सासरे समुद्रावर गेले ते परत आले नव्हते. आयने डोक्यावर टोपली घेऊन, दारोदार मासळी विकून हा एकुलता एक मुलगा वाढवला आणि त्याला होडीला पाय म्हणून लावू दिला नाही. त्यामुळे ती फटफटी आमच्याकडे देव्हाऱ्याच्या खालोखाल होती.

मी कंपनीवाल्याची बायको झाले म्हणून आयने माझं लुगडं सोडवलं. आमच्या बायका कासोटा घालतात. कासोट्यातली बाई होडीत चढते, टोपली घेऊन चिखलातून चालते, आणि मनात आणलं तर फटफटीवर पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसेलसुद्धा. पण लोक काय म्हणतील? म्हणून मला गोल साडी. गोल साडीतली बाई एका अंगाला बसते, दोन्ही पाय डावीकडे सोडून. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. सारखं वाटायचं, आपण घसरतोय. पण नव्या सुनेला काय आवडतं हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि सांगायची तर त्याहून नाही.

मला पाचवा महिना होता. बोईसरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आम्ही परत येत होतो. मिठागरांपाशी रस्ता एकदम उजवीकडे वळतो. रस्ता वळला, आमची गाडी वळली नाही. ती सरळ गेली आणि डावीकडच्या चिखलात आडवी झाली. मी खाली, गाडी वर. त्यांच्या गुडघ्याला खरचटलं. मला इस्पितळात नेलं. मूल राहिलं नाही.

मी डोळे उघडले तेव्हा ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहून आयला सांगत होते, "ती डावीकडं झुकली, आय. सगळा भार एका अंगाला. मी वळवत होतो, पन गाडी वळंना."

मी झुकले होते का? मला आठवेना. आठवायचा प्रयत्न केला की नुसता खारट चिखल तोंडात यायचा. आणि बाई एका अंगाला बसते, तिचे पाय डावीकडे असतात, हे तर खरंच होतं. कोणालाही पटेल असं ते होतं. मलाही पटलं. आपण आपलं मूल मारलं, हे मी त्या खाटेवर पडल्या पडल्या मान्य करून टाकलं.

घरी आल्यावर कोणी माझ्यावर ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द बोलले असते. आयने फक्त ठरवून टाकलं की आता हिने गाडीवर बसायचं नाही. मग ठरलं की एसटीनेही जायचं नाही, धक्के बसतात. बोईसरचा शिवणक्लास बंद झाला. वाळवणावर मासळी सुकवायला जायचं नाही, ते कंपनीवाल्याच्या बायकोला शोभत नाही. विहिरीवर बायका नाही नाही ते विचारतात, म्हणून पाणी आय स्वतः आणू लागली. माहेरी जाऊ का, म्हटलं तर आधी कूस उजवू दे, मग बघू. तापलेल्या पोराला जपावं तसं जपत जपत त्यांनी मला आत बसवलं. पुढचं दार ते मागचं परस, एवढंच माझं गाव उरलं.

आळीत खापर माझ्यावर फुटलंच होतं. बाया यायच्या, माझ्यादेखत आयला सगळं विचारायच्या, आणि आय सुस्कारा टाकून म्हणायची की काय करणार, नीट बसता येत नव्हतं बिचारीला. बिचारी! मला त्या शब्दाचा एवढा राग यायचा की तव्यावरची भाकरी करपायची. पण राग धरायचा तरी कोणत्या तोंडाने? मी मूग गिळून बसायची.

नारळीपुनवेला माझा धाकटा भाऊ महादू भेटायला आला. तो तारापूरला एका ठेकेदाराकडे निरोप्या होता, दिवसभर फटफटीवर. आय शेजारी गेलेली बघून मी त्याला आडून आडून विचारलं की एका अंगाला बसलेल्या बाईमुळे गाडी वळत नाही, असं होतं का.

थोडं होतं, तो म्हणाला. नवखा असेल तर जड जातं. पण रोज बायकोला घेऊन फिरणाऱ्याच्या अंगाला तो भार माहीत असतो. मग त्याची गाडी सुरूच झाली. म्हणे प्रत्येकाची एक बाजू सोपी असते, जसं आपण नेहमी एकाच दाढेने चावतो. पुष्कळांना डावं वळण सोपं. गाडीचा वेग उजव्या मुठीत. उजवीकडे वळताना कोपर पोटाशी येतं, हात अडकतो, मग माणूस एक तर जास्त पिळतो नाही तर एकदम सोडतो. शिवाय डावं वळण आपल्याच कडेने जातं. उजव्या वळणाला समोरचा ट्रक अंगावर आल्यासारखा वाटतो. काहींचं याच्या उलटही असतं. ज्याने शिकताना एकाच बाजूने फेऱ्या मारल्या, त्याला दुसरी बाजू आयुष्यभर परकी राहते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भीती. भ्यालेला माणूस खड्ड्याकडेच बघत राहतो.

"बाय कुठंबी बसूदे, ताई," महादू म्हणाला. "गाडी डोळ्याच्या मागं जाते."

तो गेला, आणि त्याचं ते 'थोडं होतं' माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. थोडं म्हणजे किती? त्या दिवशी तेवढं थोडंच पुरलं असेल तर?

मग मी ऐकायला लागले. आमच्या दारातून बाहेर पडून उजवीकडे वळलं की बोईसरचा रस्ता अगदी जवळ. डावीकडे वळलं तर समुद्र. रोज सकाळी यजमान दाराशी गाडी चालू करायचे, आवाज डावीकडे जायचा, आणि थोड्या वेळाने एक फटफटी आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीखालून जायची. इतके दिवस मला वाटत होतं की ती दुसऱ्या कोणाची तरी असेल. पण आळीत दुसरी फटफटी होती कुठे? एके दिवशी मी आमटी तशीच टाकून खिडकीशी गेले. हेच होते. घराला वळसा घालून मागच्या वाटेने रस्त्याला लागत होते. तीन डावी वळणं घेतली की एक उजवं होतं, हे मला तेव्हा कळलं. आणि मागची सीट रिकामी होती.

संध्याकाळी रस्त्यावरून आळीत शिरायचं तर उजवंच वळण. तिथे ते गाडी बंद करून हाताने ढकलत आणायचे. पेट्रोल वाचतं, असं सांगायचे. आळीला त्यात त्यांची हुशारी दिसायची.

तरी मी मनाला आवर घातला होता. पण शेजारची ठमी बोईसरच्या बाजारात मासळी विकायला जाते. ती एकदा हसत हसत आली. टेंपोतून परत येताना मिठागरांच्या वळणावर तिने आमच्या साहेबांना गाडीवरून उतरलेले पाहिलं होतं. वळण संपेपर्यंत गाडी ढकलली आणि मग बसून निघाले. ठमीला वाटलं, बिघडली असेल. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पुन्हा तेच. तिला त्याची गंमत वाटत होती. मीही हसले. ती गेल्यावर दार लावून रडले. सरळ सांगते, मूल गेल्यापासून पहिल्यांदा मला आनंद झाला होता. मी मारलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी आय बाजाराला गेली तेव्हा ते दाराशी गाडी पुसत होते. मी उंबऱ्यावर येऊन उभी राहिले. कसं बोलायचं ते मी खूप दिवस घोळवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं.

"मला बसवू नका. एकटेच बसा, नि इथनं उजवीकडं वळून रस्त्यापर्यंत जाऊन या. गाडी वळली तर चूक माजी. परत कदी बोलनार नाय."

ते आधी हसले. सकाळी सकाळी काय खूळ घेतलंस, म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबलं. त्यांनी किक मारली, बसले, हँडल उजवीकडे वळवलं. त्यांचं कोपर पोटाशी आलं. नजर समोरच्या भिंतीवर खिळली. गाडी जागच्या जागी थरथरत होती आणि ते मूठ पिळत होते, सोडत होते, पिळत होते. उजवा पाय जमिनीवरून निघेना. एवढा मोठा माणूस, अख्ख्या आळीचा अभिमान, आपल्याच दारात असा अडकून पडलेला बघून मला एक क्षण त्यांची दया आली. तो क्षण मी जाऊ दिला. शेवटी त्यांनी गाडी बंद केली.

मग खाली बघत सगळं सांगितलं. गाडी ते वाळवणावर शिकले होते, बोंबील टांगायच्या दांड्यांभोवती फेऱ्या मारत. सगळे एकाच बाजूने फिरायचे. उलट्या बाजूने एकदा प्रयत्न केला तर दांड्यांवर आदळले. पोरं हसली. त्यानंतर त्या बाजूला वळायचं म्हटलं की हात आखडायचा. लग्नाच्या आधीपासून ते घराला वळसा घालूनच जात होते. मिठागरांचं वळण ते रोज एसटीच्या मागे मागे हळूहळू काढायचे. त्या दिवशी पुढे एसटी नव्हती आणि समोरून ट्रक आला.

"तू झुकली नव्हतीस," ते म्हणाले.

या तीन शब्दांसाठी मी किती दिवस त्या घरात जीव धरून बसले होते. ते पुरते कानात शिरायच्या आत त्यांनी त्या शब्दांवर दुसरं वाक्य ठेवलं. "आयला नको सांगू."

माफी त्यांनी मागितली नाही. सांगितलं म्हणजे मागितलीच, असं त्यांना वाटलं असेल.

मी सांगणारच होते. दुपारी आय परसात विळी घेऊन बोंबील साफ करायला बसली, आणि मी तिच्यापुढे उभी राहून घडाघडा बोलले. मागच्या खिडकीचा आवाज, ठमीने पाहिलेलं, सकाळी दारात झालेलं, ते स्वतः काय म्हणाले ते. मला वाटलं, आता हिचा हात थांबेल. आता ही उठेल, मला जवळ घेईल नाही तर मुलाला हाक मारेल. काहीतरी होईलच. खरी गोष्ट बाहेर पडली की दार उघडतं, अशी माझी समजूत होती.

आयचा हात थांबला नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्या खिडकीतनं मला बी ऐकू येतं. तू यायच्या आदीपासनं."

मी त्या घरात पहिल्यांदा आवाज चढवला. मग माझं नाव का घेतलंत, विचारलं. सगळ्या आळीत बिचारी, बिचारी का करत राहिलात?

ती चिडली नाही. तिने मला हाताला धरून शेजारी बसवलं. तिच्या ओल्या बोटांना माशाचा वास होता. ती माझ्याशी इतक्या मऊ आवाजात कधीच बोलली नव्हती.

"त्याला रोज त्याच रस्त्यानं जायाचं हाय, पोरी. आपल्या हातानं पोर गेलं हे लोकांनी त्याच्या तोंडावर म्हटलं, तर तो गाडीला हात लावंल का? नोकरी सुटंल. मग होडी हायच. एक दर्यानं नेला माजा. कोनाच्या तरी नावावर घालायचं हुतं. तू काय, घरात असतेस." तिने माझ्याकडे बघितलं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. "तुला कुठं जायाचं हाय?"

मला कुठे कुठे म्हणून जायचं नव्हतं! इतके दिवस भाकऱ्या थापताना मी मनातल्या मनात रोज कुठे ना कुठे जात होते. आता कोणीतरी ते विचारलं होतं आणि ऐकायला थांबलंही होतं. मी तोंड उघडलं. जिभेवर एकाही गावाचं नाव येईना. आयने थोडा वेळ वाट पाहिली, मग अर्धे बोंबील माझ्या पुढ्यात सरकवले.