पट्ट्याचा वळ

खाकी शर्टाचं वरचं बटण लावत वहिनी पडद्याबाहेर आली आणि डॉक्टरीणबाईंच्या समोर ताठ बसली. काय व्हायचं ते होऊ दे, पण वाकून ऐकायचं नाही, असं तिने घरूनच ठरवलं होतं.

सगळा डेपो तिला वहिनीच म्हणे. ती चालवायची त्या बसची कंडक्टर तिची सख्खी नणंद होती आणि ती दिवसभर दारातून ‘वहिनी, चला!’ असं ओरडायची. आवाज असा, की घंटीची गरजच पडू नये. आणि लाडाचं नाव काय, तर चिमणी! तीही आज शेजारच्या खुर्चीवर बसली होती, तोंडातून चकार शब्द न काढता.

वहिनीच्या उजव्या छातीत गाठ आली होती. टणक, वरची कातडी आत ओढलेली. फोटोतही ती वेडीवाकडी दिसली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, कॅन्सर असू शकतो. मग तपासणीला पाठवायला सुईने तुकडा काढला. तेव्हापासून घरात कुणाला घास गोड लागत नव्हता. वहिनी तेवढी रोज ड्यूटीवर जात होती.

“कॅन्सर नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चिमणीने भोकाडच पसरलं. वहिनी तशीच ताठ बसून होती.

“आतली चरबी मेलीय, तिची गाठ झालीय. मार लागला की असं होतं, आणि दिसतं हुबेहूब कॅन्सरसारखं. पण पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं ना, अपघात वगैरे? तुम्ही ठाम नाही म्हणालात.”

“नाहीच मुळी! इतकी वर्षं बस चालवतेय, गाडीला साधा ओरखडा नाही.”

“अगं वहिनी!” चिमणी नाक पुसत म्हणाली. “आणि उतारावर ती सायकलवाली पोरगी आडवी आली तेव्हा? ब्रेकवर उभी राहिलीस नुसती! मी तिकिटाच्या मशीनसकट आपटले. तुझ्या खांद्यापासून छातीवर सीटच्या पट्ट्याचा वळ उठला होता, काळानिळा. शेकला कुणी?”

“तो काय अपघात? पोरीला लागलं? सायकलला लागलं? गाडी कशाला भिडली तर अपघात. डेपोत कुणालाही विचारा.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, डेपोचा नियम इथे कुठे लावता! सुई मी तरीही टोचलीच असती. पण मार लागल्याचं कळलं असतं, तर इतके दिवस जीव असा टांगणीला तरी लागला नसता.”

गाठ सापडल्यापासून आंघोळीतही वहिनीने तिकडे हात नेला नव्हता. आता तिने शर्टावरूनच गाठीवर तळवा ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

“काढावी लागेल?”

“गरज नाही. काही महिन्यांनी पुन्हा बघू. हळूहळू लहान होईलही.”

“नाही झाली तरी चालेल,” वहिनी म्हणाली. तिची मान अशी वर झाली, की चिमणी रडता रडता हसायला लागली.

डॉक्टरीणबाई कागदावर लिहू लागल्या, ‘अपघातात पट्ट्याचा...’

वहिनी टेबलावर वाकली. आता मात्र तिचे डोळे भरले होते.

“अपघात नका ना लिहू, डॉक्टर.”

“मग काय लिहू?”

“पोरगी वाचली, असं लिहा.”