तळघरातली निळी तार

मित्रांनो, छताआड गेलेल्या वस्तूची कोणी विचारपूस करत नाही, म्हणून आपणहून सांगते. मी एक जुनी निळी तार आहे, एका खोलीतलं इंटरनेट दुसऱ्या खोलीत पोचवणारी. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, एका लहान गावात, ऑरव्हिल थीसन यांच्या घरी माझं आयुष्य गेलं.

ऑरव्हिल यांचा संगणक तळघरात होता आणि वरच्या बैठकीतलं वायफाय तिथवर येताना धापा टाकायचं. एरवी त्यांचं काही अडलं नसतं. पण आईच्या अंत्यविधीपासून अबोला धरलेल्या त्यांच्या मुलीनं, कार्लानं, दूरच्या एडमंटन शहरातून कळवलं होतं, "रविवारी समोरासमोर बोलू." ऑरव्हिल हरखले. त्यांनी जमिनीला भोक पाडून मला खाली उतरवलं, तुळयांच्या कडेनं नेलं, टोकं स्वतः बसवली आणि मला थोपटून म्हणाले, "झकास." तेवढ्या एका शाबासकीवर मी जन्म काढला.

शनिवारी शेजारचे लॉर्न मदतीला आले आणि दोघांनी तळघराच्या छताला फळ्या ठोकल्या. एक स्क्रू माझ्या अंगात घुसला. कोणाला कळलं नाही, कारण संगणकावरचा जोडणीचा दिवा हिरवाच होता. मात्र घर तापवणारी भट्टी सुरू झाली की तुळई थरथरे आणि माझ्यातला जखमी धागा सुटून जोडणी तुटे.

रविवारी कार्ला पडद्यावर आली. हवापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बाबा, आई एवढी आजारी होती, मला का नाही कळवलंत?"

ऑरव्हिल यांनी मान खाली घातली. तेवढ्यात भट्टी धडधडली.

"तिनंच शपथ घातली होती गं," ते म्हणाले. ते शब्द माझ्यापर्यंत आले आणि माझ्यातच राहिले. मान वर करून पाहतात तो पडदा रिकामा. त्यांनी संगणक बंद केला.

"अरे, फोन लाव तिला," दुसऱ्या दिवशी हे ऐकून लॉर्न म्हणाले.

"तिनं तोडलंय. नकोशा माणसानं किती वेळा दार वाजवायचं?"

आमची माणसं अशीच. बर्फात रुतलेली परक्याची गाडी ढकलायला धावतील, पण पोटच्या पोरीला 'का गं, बंद केलंस?' एवढं विचारणं त्यांना आगाऊपणा वाटतो.

उन्हाळ्यात भट्टी बंद असे. तेव्हा मी धडधाकट होते, सगळं पोचवलं असतं. ऑरव्हिल दर रविवारी खाली येऊन बसत. कोणी बोलावत नसे.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. कार्ला घर आवरायला आली. तळघरात खोकी भरताना तिनं लॉर्नना विचारलं, "काका, मी एक साधा प्रश्न विचारला, तर बाबांनी तोंडावर बंद का केलं हो?"

लॉर्न म्हणाले, "पोरी, तो तर म्हणायचा, तू बंद केलंस."

कार्लानं हातातलं खोकं खाली ठेवलं. मी तिच्या डोक्यावरच होते.

मित्रांनो, फळी ठोकण्याआधी तार कुठून गेली आहे ते बघत जा. आणि बोलता बोलता कोणी गप्प झालं, तर मानपान बाजूला ठेवून एकदा पुन्हा विचारा. त्या शपथेचं आता मला एकटीलाच ठाऊक आहे, आणि मला स्वतःचं तोंड नाही.