सावत्रचं डावं वळण

आमच्या शाळेच्या रोबो-संघाकडे दोन रोबो आहेत. स्पर्धेत उतरतो तो लाडका. त्याचं जुनं, वाकलेलं, उरलंसुरलं सामान जोडून सरावासाठी उभा केलेला तो सावत्र. कंट्रोलर, म्हणजे मोटारींना हुकूम सोडणारा डबा, मात्र दोघांत मिळून एकच. मेंदू एक आणि धडं दोन, असा आमचा संसार. ज्याला चालवायचं त्याच्यात तो डबा बसवायचा.

त्या दिवशी सकाळच्या सरावात सावत्र पुन्हा मेला, आणि पुन्हा माझ्या धाकट्या बहिणीच्याच हातात मेला. जोरात डावीकडे वळला, डब्यावरचा हिरवा दिवा गेला आणि स्वारी मैदानाच्या मधोमध ठप्प. डबा शुद्धीवर येईपर्यंत फेरी वाया. महिनाभर हेच चाललं होतं. शाळा सुटल्यावर चालकाची निवड होती, आणि तीही सावत्रवरच, कारण स्पर्धेआधी लाडक्याला कोणी ओरखडा पडू देत नाही. उमेदवार दोन, आमचा कप्तान आणि धाकटी. कप्तान लांबून, सावकाश वळण घ्यायचा. त्याच्या हातात सावत्र कधी बंद पडला नव्हता.

"नाचता येईना, अंगण वाकडं," कप्तान म्हणाला. वाईट मुलगा नाही तो, पण जीभ आवरत नाही. धाकटी नुसती हसली. ते हसणं मला खुपलं. घरी ती एकाला दोन ऐकवते.

वायरिंगचं काम माझ्याकडे, म्हणून माझंच डोकं जास्त फिरलं होतं. बॅटरी बदलून झाली. प्रोग्रॅम पुन्हा भरून झाला. आमचे मार्गदर्शक सर प्रत्येक वेळी एकच करायला लावायचे: डबा काढा, लाडक्यात लावा, बघा. लाडक्यात तो झक्क चालायचा. मग सर म्हणायचे, डबा ठणठणीत आहे. मी सावत्रला विटांवर चढवून चाकं अधांतरी पळवली, तरी दिवा जळतच राहिला. मग उरलं कोण? चालवणारी. सरांनी तिला बाजूला घेऊन हात जरा हलका ठेव म्हणून समजावलं. फार मायेने समजावलं, आणि मला त्या मायेचाच राग आला.

मला बसवेना. मधल्या सुट्टीत जेवण तसंच टाकून मी कार्यशाळेत येरझाऱ्या घालत होते. सावत्र विटांवर उभा होता. चाकं गरगर फिरत होती, दिवा जळत होता, जणू आपण त्या गावचेच नाही. मला अशी चीड आली की मी त्याला बाजूने एक सणसणीत लाथ घातली.

दिवा गेला.

परत लागल्यावर पुन्हा घातली, या वेळी विचार करून. पुन्हा गेला. विटांवर चाकं फिरतात, पण अंगाला हिसका बसत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. झाकण काढलं. बॅटरी तिच्या जागेत सैल होती. हिसक्यासरशी ती सरकायची आणि डब्याला वीज देणारी तार ताणायची. तार बाहेरून धडधाकट. रबर सोललं, तर आतल्या तांब्याच्या बारीक तारा जवळजवळ सगळ्या तुटलेल्या. दोन-चारांवर कारभार चालला होता.

कशा तुटल्या तेही लगेच कळलं. या रोबोतून त्या रोबोत डबा न्यायची आम्हाला सदा घाई, त्यामुळे प्लग धरण्याऐवजी तार धरून ओढायची सगळ्यांचीच सवय. आणि गेला महिनाभर तपासायचं म्हणून तो आम्ही रोजच काढत होतो. डबा लाडक्यात जायचा, तुटकी तार सावत्रमध्येच राहायची. प्रत्येक तपासणीत आम्ही ती आणखी थोडी तोडत होतो. अंगण खरंच वाकडं होतं.

जाड तार टाकली, नवा प्लग लावला, बॅटरीला पट्टा आवळला. सोललेली तार सरांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि सगळ्यांसमोर धाकटीची माफी मागितली. कप्तान कान खाजवत उभा होता. मला वाटलं, सुटलो.

निवडीला प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या, त्यातली चांगली धरायची. धाकटीच्या पहिल्या फेरीत सावत्र एकदाही बंद पडला नाही. पण प्रत्येक डाव्या वळणाआधी ती थबकायची, डब्यावरच्या दिव्याकडे बघायची आणि मग हळूच वळायची. कप्तानाच्या कितीतरी मागे पडली. माझा जीव नुसता तळमळला. मी जाऊन तिला झापलंच, दुरुस्त झालाय म्हणून सांगितलं ना तुला?

"मला कळलंय गं ताई." तिचे डोळे भरले होते. "हाताला कळत नाहीये."

दुधाने तोंड पोळलेल्याला ताक थंड आहे म्हणून सांगून काय उपयोग? मी तिचं मनगट धरून तिला सावत्रपाशी नेलं, झाकण काढलं आणि ती नवी तार तिच्या हातात दिली. ओढ म्हटलं. तिने दोन बोटांनी धरून जराशी ताणली.

"अशी नाही. माझी वेणी ओढतेस तशी ओढ."

तिने ओढली. दिवा जळत राहिला. पुन्हा ओढली, दात आवळून. मग कोणी न सांगता तिने सावत्रला एक लाथ घातली. घराण्याचा गुण. सर दुसरीकडे बघत होते.

दुसऱ्या फेरीत पहिलं डावं वळण जवळ आलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. टायर घासल्याचा आवाज आला. मग पुन्हा आला, आणि पुन्हा. शेवटी कप्तानाने हातातलं घड्याळ थांबवलं, बघितलं, आणि धाकटीची वेळ त्याच्या वेळेपेक्षा कमी भरल्याचं त्यानेच मोठ्याने सांगितलं. फेरी कशी झाली ते मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मी सगळा वेळ त्या हिरव्या दिव्याकडे बघत होते. धाकटीने एकदाही तिकडे बघितलं नाही, हेही मला कप्तानानेच सांगितलं.