दोन वकिलांच्या कचेरीतला बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. बहीण-भाऊ अशा दोन वकिलांच्या कचेरीत, दारातून आत आलं की डाव्या हाताला मी असतो.

ज्या सुताराने मला घडवलं, तो इथे आपल्या खटल्यासाठी येत असे. "बसायला धड जागा नाही, आणि न्याय कसला मिळवून देताय?" असं तो कुरकुरायचा. खटल्याचा निकाल लागल्यावर तो मलाच घेऊन आला. माझी पाठ त्याने मुद्दाम थोडी कलती ठेवली होती. "इथे येणारा माणूस आधीच ताठलेला असतो," तो म्हणाला.

बहीण थोरली, तिला सगळे ताई म्हणत. एरवी बोलणं मोजकं, पण कोर्टात उभी राहिली की समोरच्याची बोलती बंद. धाकटा भाऊ सगळ्यांची मनं सांभाळणारा. माझ्यावर भाडेकरू बसले, घरमालकही बसले. एकदा एक नवरा-बायको घटस्फोटासाठी आले आणि माझ्या दोन टोकांना बसले. पाऊण तास वाट पाहता पाहता बोलू लागले, आणि आतल्या खोलीत न जाताच घरी गेले. "ताई, हा बाक आपले अशील पळवतो," भाऊ म्हणाला. ते माझं कौतुकच होतं, असं मी समजतो.

मग एके सकाळी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेतली एक बाई आली. नदीपलीकडच्या वस्तीचं पाणी पिण्यालायक नाही, असा अहवाल तिने दिला होता. तो बदलायला सांगितल्यावर तिने नकार दिला आणि तिची नोकरी गेली. मांडीवरची फाइल तिने दोन्ही हातांनी आवळून धरली होती. ताईने तिची बाजू घेतली.

आठवडा झाला नाही तोच पाणीपुरवठा मंत्र्यांचा माणूस आला. कडक इस्त्री, आवाज मात्र मऊ.

"ताई, साहेबांना तुमच्याबद्दल आदर आहे. एवढं एक प्रकरण सोडा. समोरच्या इमारतीतल्या मोठ्या वकिलांनी कसं, लगेच ऐकलं. उगाच तुमच्या माणसांना सरकारी कचेऱ्यांत जायला बंदी झाली, तर काम कसं करणार?"

"उद्या तुमच्यावरच खटला झाला, तर कसा वकील हवा तुम्हाला?" ताईने विचारलं. "साहेबांना विचारून बोलणारा?"

तो हसला आणि निघून गेला.

त्यानंतर बहीण-भावाचं भांडण माझ्यासमोरच झालं.

"आपल्याकडे आठ माणसं काम करतात, ताई. तत्त्व तुझं, आणि चटके त्यांना?"

"आणि तिला सोडलं तर? उद्या दारात कुणी आलं, की आधी विचारायचं का, तुमच्यावर कोण नाराज आहे म्हणून?"

भाऊ माझ्या कडेला बसला. मग उठला आणि म्हणाला, "आण ते वकीलपत्र. त्यावर माझीही सही घे."

बंदीचा हुकूम आलाच. सगळ्यांचे प्रवेशपास रद्द झाले. नोंदणी कचेरी बंद, जुनी कागदपत्रं पाहायची सोय बंद. त्या आठवड्यात मी गच्च भरलेला होतो, पण लोक आपापल्या फायली परत न्यायला आले होते. एक कापडाचे व्यापारी तर ताईच्या नजरेला नजर देईनात. आठांतली दोन माणसंही सोडून गेली. पुढे माझ्यावर कुणी बसेना. जुन्या कागदांचे गठ्ठे माझ्यावर रचले गेले, धूळ साचली, एक पाय डुगडुगू लागला.

हुकमाविरुद्ध दाद मागायची, तर आता वकिलांनाच वकील हवा होता. ताईने पाच जणांना विचारलं. कुणाची तब्येत बिघडली, कुणाच्या घरी लग्न निघालं.

आणि एक दिवस काठी टेकत एक म्हातारे वकील आले. वीस वर्षं त्यांनी कोर्टात ताईच्या विरुद्धच बाजू मांडली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने गठ्ठे खाली ठेवले आणि माझ्यावर बसले.

"पोरी, मला का नाही विचारलंस?"

"काका, तुम्हालाही धमक्या येतील," भाऊ म्हणाला.

"काय म्हणतोस? या कानाने मला ऐकू येत नाही." मग ताईकडे वळून म्हणाले, "तू गप्प बसलीस, तर मी भांडू कुणाशी?"

ताईला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काकांनी चार महिने बाजू लढवली आणि न्यायालयाने बंदी रद्द केली. नदीपलीकडचं पाणी पुन्हा तपासलं गेलं. अहवाल खरा निघाला. तिथे आता नवे नळ आले आहेत. त्या बाईची नोकरी मात्र अजून परत मिळालेली नाही, तारखा चालू आहेत. काही अशील परतले. व्यापारी आले नाहीत, बहुधा संकोचाने.

भावाने माझ्या पायाला पाचर ठोकून दिली आहे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. सत्तेपुढे कुणाची बाजू मांडणारा वकील एकटा पडलेला दिसला, तर लांबून हळहळू नका. त्याच्या शेजारी येऊन बसा. माझ्यावर चार जण ऐसपैस मावतात. थोडं सरकून घेतलं, तर पाचही.